फोन आधी की विस्कटलेलं लक्ष आधी?

इंटरनेटचं व्यसन, लक्ष न लागणं आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) यांबद्दल तरुण मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी पाठवलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी २० वर्षांची आहे. वाचायला बसले की दहा मिनिटांच्या आत हात फोनकडे जातो. रोजचे सहा-सात तास रील्स आणि चॅटमध्ये जातात. एडीएचडीची लक्षणं सांगणारे व्हिडिओ पाहिले की सगळी माझीच वाटतात. मला खरंच एडीएचडी आहे, की फोनमुळे माझी ही अवस्था झाली?

उत्तर : याचा निवाडा आजच्या लक्षणांवरून होत नाही. फोन हातात येण्याआधी तू कशी होतीस, ते शोधावं लागतं. एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित, बालपणापासून असणारी अवस्था आहे. निदानाच्या निकषांमध्ये लक्ष न लागण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणं दिली आहेत. वय १७ किंवा त्याहून जास्त असेल, तर या दोहोंपैकी एका तरी गटातली ५ लक्षणं किमान ६ महिने टिकून असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. शिवाय त्रास घर, कॉलेज, नोकरी, मैत्री अशा किमान दोन ठिकाणी जाणवायला हवा. फक्त अभ्यासाच्या टेबलाशीच लक्ष उडत असेल आणि बाकी सगळं सुरळीत असेल, तर शंका फोनवर, झोपेवर किंवा त्या विषयाच्या नावडीवर घ्यावी.

तेव्हा आधी जुने कागद काढ. प्राथमिक शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शेरे वाच : ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’, ‘निष्काळजीपणे चुका करते’, ‘काम अपुरे’. वह्यांत गणिताची रीत बरोबर आणि आकडा उतरवताना चूक, असं वारंवार दिसतं का? कंपासपेटी, पाण्याची बाटली, छत्री किती वेळा हरवायची? हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखी बसायचीस का? हे आईवडिलांना किंवा मोठ्या भावंडांना विचार. स्वतःच्या आठवणीवर विसंबू नकोस, कारण आपण आज जे शोधत असतो तेच आपल्याला आठवतं.

व्हिडिओंची अडचण हीच आहे. ‘खोलीत गेल्यावर कशासाठी आलो ते विसरणं’ हे सगळ्यांनाच होतं. एखादी गोष्ट होते की नाही, यावर निदान होत नाही; ती किती वेळा होते, किती वर्षांपासून होते आणि त्यापायी काय बिघडतं, हे पाहावं लागतं. त्यापेक्षा ‘एएसआरएस’ ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कामातून तयार झालेली १८ प्रश्नांची चाळणी बरी. तिच्यातल्या पहिल्या ६ प्रश्नांपैकी ४ किंवा अधिक उत्तरं ठरावीक मर्यादेच्या वर गेली, तर तज्ज्ञांकडे जायचं. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेव.

याच्या जोडीला १४ दिवसांची एक पडताळणी कर. रोज ७ ते ९ तास झोप, झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरलेली. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर पालथा ठेवलेला चालणार नाही. प्रत्येक बैठकीनंतर किती मिनिटं सलग बसलीस आणि लक्ष कशामुळे उडालं, एवढंच वहीत लिही. पहिले तीन-चार दिवस बेचैनी, चिडचिड वाढते. त्यावरून निष्कर्ष काढू नकोस. दुसऱ्या आठवड्यात बैठक ठळकपणे लांबली, तर फोन आणि जागरण यांचा वाटा मोठा होता. फोन दूर असूनही खिडकीबाहेर पाहत पाऊण तास गेला, किल्ल्या हरवल्याच, फॉर्म अर्धवट राहिलाच, तर तपासणी करून घे. एक खबरदारी : एडीएचडी असलेल्या मुलीलाही फोन दूर ठेवल्यानं थोडा फरक पडतोच. म्हणून सुधारणा झाली एवढ्यावरून ‘एडीएचडी नाही’ असं म्हणता येत नाही. बालपणीचा पुरावा अधिक वजनाचा.

प्रश्न : पण शास्त्र काय म्हणतं? इंटरनेटमुळे लक्ष बिघडतं, की लक्ष मुळात कमी असणारे इंटरनेटकडे ओढले जातात?

उत्तर : पुरावे दोन्ही दिशांचे आहेत. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या दिशेकडे फार दुर्लक्ष झालं आहे, असं आमचं मत आहे.

तैवानमध्ये सातवीच्या २,२९३ मुलामुलींचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नैराश्य, एडीएचडी, लोकांत मिसळण्याची भीती आणि वैरभाव या चारही गोष्टींवरून पुढच्या इंटरनेट-व्यसनाचा अंदाज बांधता आला. त्यांत मुलग्यांमध्ये सर्वांत ठळक ठरला वैरभाव, आणि मुलींमध्ये एडीएचडी. म्हणजे लक्षाची अडचण आधी होती आणि इंटरनेटची सवय नंतर जडली.

उलट दिशेचा अभ्यास लॉस एंजलिस परिसरातला, २०१८चा. सुरुवातीला एडीएचडीची ठळक लक्षणं नसलेल्या १५-१६ वर्षांच्या सुमारे २,६०० मुलामुलींना डिजिटल माध्यमांच्या १४ प्रकारांबद्दल विचारलं आणि पुढे २४ महिने पाहिलं. एकही प्रकार वारंवार न वापरणाऱ्यांत ४.६ टक्क्यांना पुढे लक्षणं दिसली. ७ प्रकार वारंवार वापरणाऱ्यांत ९.५ टक्क्यांना, तर १४च्या १४ वापरणाऱ्यांत १०.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण तो किती आहे तेही पाहा. सगळं वापरणाऱ्यांतही दहातल्या सुमारे नऊ जणांना लक्षणं आली नाहीत. शिवाय ही लक्षणं मुलांनी स्वतः नोंदवलेली होती, डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हतं.

ओढ का वाटते, तेही सांगायला हवं. एडीएचडीमध्ये उशिरा मिळणाऱ्या फळासाठी थांबणं जड जातं. मेंदूतल्या, डोपामिन या रसायनावर चालणाऱ्या बक्षीस-यंत्रणेशी त्याचा संबंध आहे. चाळीस पानांच्या धड्याचं फळ परीक्षेनंतर मिळतं, रीलचं फळ तीन सेकंदांत. त्यातही पुढची रील कंटाळवाणी निघेल की भन्नाट, हे ठाऊक नसतं. असं अनिश्चित बक्षीस मिळत राहिलं की कृती सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून स्मार्टफोनच्या कितीतरी आधी दिसून आलं होतं. म्हणूनच ‘रील्स तीन तास पाहते, मग अभ्यासात का नाही लक्ष?’ हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. लक्ष अजिबात नसणं म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्ष हवं तिथे नेता न येणं आणि एकदा चिकटलं की सोडवता न येणं, ही खरी अडचण असते.

मग चक्र सुरू होतं. अभ्यास टळतो, अपराधी वाटतं, ते विसरायला फोन, त्यापायी जागरण, जागरणानं दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी पातळ. चक्र कुठेही तोडता येतं, पण आमच्या मते झोपेपाशी तोडणं सर्वांत सोपं.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. शाळेत कधी तक्रार नव्हती, गुणही उत्तम. कॉलेजला गेल्यापासून रात्रभर फोन, दिवसा आळस, दोन विषय राहिले. डॉक्टर म्हणतात एडीएचडी असू शकेल. शाळेत नव्हता तो आता कुठून आला? आम्ही सरळ फोन काढून घ्यायचं ठरवलं आहे.

उत्तर : ताई, आधी फोनबद्दल : अचानक काढून घेऊ नका. १९ वर्षांच्या मुलीचा अभ्यास, मैत्रिणी, कॉलेजच्या सूचना सगळं त्यातच आहे. फोन हिसकावला की दोन गोष्टी होतात. एक तर ती दुसरा मार्ग शोधते आणि खोटं बोलायला शिकते. दुसरं म्हणजे, नैराश्य किंवा लोकांत मिसळण्याची भीती असेल तर तिचा एकमेव आधार तुटतो, आणि हे तिनं तुम्हाला सांगितलेलंच नसतं.

आता ‘कुठून आला’. बहुधा तो आधीपासून होता आणि झाकला गेला होता. मुलींमध्ये धावपळ, दंगा यांऐवजी हरवलेपण, विसरभोळेपणा, मनातल्या मनात भरकटणं हे रूप जास्त आढळतं. वर्गात गप्प बसलेल्या मुलीची तक्रार कोण करणार? बालवयात निदान होणाऱ्यांत मुलगे आणि मुली यांचं प्रमाण साधारण २:१ धरतात, प्रौढ वयात ते १.६:१ पर्यंत खाली येतं. मुलींची ओळख उशिरा पटते, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

आठवून पाहा : दप्तर कोण भरायचं? परीक्षेचं वेळापत्रक कोणाच्या डोक्यात असायचं? अभ्यासाला बसताना शेजारी कोण असायचं? हे सगळं तुम्ही करत असाल, तर तिच्या लक्षाला बाहेरून टेकू होता. हुशार मुली हा टेकू आणि जादा कष्ट यांच्या बळावर दहावी-बारावी पार करतात. दोन तासांच्या अभ्यासाला पाच तास देतात आणि त्याचा बोभाटा करत नाहीत. कॉलेजात वेळापत्रक सैल, उपस्थितीचा धाक कमी, मोठी कामं स्वतः तुकडे पाडून करायची. टेकू निघतो आणि त्याच सुमारास फोनवरची सगळी बंधनंही जातात. त्यामुळे सगळा दोष फोनच्या माथी जातो.

करण्यासारखं असं : तिच्याशी बोलून एकच नियम ठरवा, रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचेही. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजर लावायला’ फोन उशाशी परत येतो. ‘अभ्यास कर’ हे वाक्य बंद करून ‘आत्ता कुठलं पान?’ एवढंच विचारा. सोपं, नेमकं पहिलं पाऊल तिला हवं असतं. आणि तपासणीला जाताना तुम्ही सोबत जा. तिच्या पाच-सात वर्षांच्या वयाबद्दल तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

प्रश्न : दिवसाला किती तास म्हणजे व्यसन?

उत्तर : तासांवर ठरत नाही. कामासाठी आठ तास ऑनलाइन असणारी व्यसनी नसू शकते, तीन तासांत संसार विस्कटणारी असू शकते. सहा गोष्टी तपासा : मनात सतत तेच, मन रमवायला तेच, पूर्वीइतक्या वेळानं समाधान नाही, न मिळाल्यास तगमग, त्यापायी भांडणं किंवा नुकसान, आणि कमी करायचे प्रयत्न फसणं. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेट-व्यसनाची २० प्रश्नांची चाचणी बरीच वापरली जाते. तिच्यात १००पैकी ३१ ते ४९ सौम्य, ५० ते ७९ मध्यम आणि ८०च्या पुढे तीव्र, असे टप्पे धरतात. वैद्यकीय वर्गीकरणात मात्र सध्या ‘गेमिंग विकार’ एवढाच जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू. मुलींचा ओढा बहुतेकदा गेमपेक्षा सोशल मीडियाकडे असतो. नॉर्वेत सुमारे २३,५०० प्रौढांच्या पाहणीत (२०१६) सोशल मीडियाचा व्यसनी वापर स्त्रियांत आणि तरुणांत जास्त आढळला आणि एडीएचडीच्या लक्षणांशीही त्याचं नातं दिसलं. म्हणजे मुलींना ज्याचा त्रास जास्त, त्याला अजून अधिकृत नाव नाही. नाव नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. मदत मागायला संकोचू नका.

प्रश्न : ॲप लॉक, टाइमर, सगळं करून झालं. दोन दिवसांत मीच ते काढून टाकते. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

उत्तर : इच्छाशक्तीवर बोलणं इथे सोडून देऊ. टाइमर संपल्यावर ‘आणखी १५ मिनिटं’ हे बटण दाबायचं की नाही, हा निर्णय तू अगदी नको त्या क्षणी घेतेस. थांबण्याची जी ताकद कमी आहे, तिच्यावरच कुलूप उभं केलंय. निर्णय आधी, शांत डोक्यानं आणि शक्यतो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. लॉकचा आकडी कोड मैत्रिणीला किंवा बहिणीला टाकायला सांग आणि तिनं तो तुला सांगू नये.

मग वाटेत अडथळे घाल. सर्वांत ओढणारं एक ॲप काढून टाक. लागलंच तर ब्राउझरमधून, दर वेळी पासवर्ड टाकून उघड. तीस सेकंदांचा हा खोळंबा बऱ्याच वेळा पुरतो, कारण पुष्कळदा फोन आपण ठरवून उघडतच नाही, हात आपोआप जातो. स्क्रीन काळी-पांढरी करून ठेव. नोटिफिकेशन मात्र सरसकट बंद करू नकोस. ‘काही निसटलं तर नाही ना’ म्हणून स्वतःच दर पाच मिनिटांनी डोकावणं सुरू होतं. ती दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र येऊ दे. घरच्यांचे फोन तेवढे चालू ठेव.

अभ्यासाची बैठक २५ मिनिटांची धरतात, पण तुझी सध्याची मजल १० मिनिटांची असेल तर १० पासूनच सुरुवात कर आणि तीन-चार दिवसांनी पाच मिनिटं वाढव. काम इतकं बारीक लिही की सुरू करायला विचार करावा लागू नये. ‘अर्थशास्त्र’ असं लिहू नकोस. ‘पान ४२, पहिले दोन परिच्छेद, तीन मुद्दे वहीत’ असं लिही. शेजारी कोरा कागद ठेव. फोनवर काही पाहायची हुक्की आली, की ती कागदावर टिपायची आणि पुढे वाचायचं. बैठक संपल्यावर त्या यादीतल्या बहुतेक गोष्टींची गरज उरलेली नसते.

सगळ्यात जास्त घसरण होते ती मधल्या सुट्टीत. पाच मिनिटांच्या सुट्टीत रील उघडली की चाळीस मिनिटं गेली म्हणून समज. सुट्टी स्क्रीनविना हवी : पाणी पिणं, जिना चढउतार, कपड्यांच्या घड्या. कोणी शेजारी आपापलं काम करत बसलं असेल, अगदी व्हिडिओ कॉलवर गप्प असलं तरी, एडीएचडीच्या अनेक मुलींना बैठक टिकवणं सोपं जातं. त्यासाठी लागणारा फोन हाताच्या पल्ल्याबाहेर उभा करून ठेव. नोट्स फोनवरच असतील तर आदल्या दिवशी छापून किंवा उतरवून घे. ‘फक्त पीडीएफ बघते’ हे निसरडं दार आहे.

कुठलाही उपाय दोन-तीन आठवड्यांत बोथट होतो, एडीएचडीत तर हमखास, कारण नावीन्य संपतं. तेव्हा उपाय बदल. फसलीस असं समजू नकोस.

प्रश्न : पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझं लक्ष पूर्ण उडतं आणि फोन सुटत नाही. हा भास आहे का?

उत्तर : नाही. पाळीच्या चक्राच्या शेवटच्या दिवसांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं, आणि इस्ट्रोजेनचा डोपामिनच्या कामाशी संबंध आहे. या काळात लक्षणं वाढल्याचं एडीएचडी असलेल्या अनेक स्त्रिया सांगतात. यावरचं संशोधन अजून छोट्या गटांवरचं आहे. सलग दोन-तीन चक्रं रोज लक्ष, मनःस्थिती, झोप आणि स्क्रीनची वेळ यांना ० ते १० गुण देऊन तारखेसह लिही. त्या दिवसांत नवे नियम सुरू करू नकोस, अवघड कामं शक्य तिथे आधी उरक. मन टोकाचं खचत असेल आणि पाळी सुरू होताच उतार पडत असेल, तर तो वेगळा, उपचार होण्यासारखा विकार असू शकतो. त्याच्या निदानाला किमान दोन चक्रांची अशी रोजची नोंदच लागते.

प्रश्न : औषधांनी फोनचं वेड जाईल का? आणि पहिल्या भेटीला काय न्यावं?

उत्तर : एडीएचडी असेल, तर औषधानं थांबण्याची ताकद वाढते आणि त्यातून फोन आटोक्यात येऊ शकतो. कोरियात एडीएचडी असलेल्या, व्हिडिओ गेम खेळणाऱ्या ६२ मुलांना आठ आठवडे मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध दिलं, तेव्हा त्यांचा इंटरनेटचा वापर घटला (२००९). पण त्या ६२ जणांत मुली अवघ्या १० होत्या आणि सगळी मुलं लहान होती. तरुण स्त्रियांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. साध्या मेथिलफेनिडेटचा असर तासाभरात सुरू होऊन तीन-चार तास राहतो. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. मेथिलफेनिडेटची गोळी घेतली आणि पहिल्यांदा फोन उघडला, तर तीन तास एकाग्रतेनं फोनच पाहिला जातो. म्हणून पुस्तक आधी उघडून ठेवा, मग गोळी. भूक कमी होणं, झोप लांबणं, नाडी वाढणं हे डॉक्टरांना सांगा. मैत्रिणीची गोळी घेऊ नका. एडीएचडी नसेल, तर या औषधांच्या वाटेला जाऊच नये. व्यसनी वापरासाठी वर्तनावर काम करणारे मानसोपचार आहेत.

औषधाआधी काही कारणं वगळावी लागतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असण्याची शक्यता मोठी, आणि लोह कमी असताना थकवा आणि लक्ष न लागणं हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय.

भेटीला जाताना प्रगतिपुस्तकं, १४ दिवसांची वही, झोपेच्या वेळा, फोनमधला आठवड्याचा स्क्रीन टाइम, पाळीच्या तारखा, चालू असलेली औषधं (गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा) आणि लहानपणापासून ओळखणारं एक माणूस, एवढं न्या. हृदयाचा त्रास, घरात कोणाचा अचानक मृत्यू, गरोदर राहण्याचा विचार, हे विचारलं नाही तरी सांगा. जगणं नकोसं वाटत असेल, तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी घरच्या कोणाला सांगा आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जा.

आणि दुसरी भेट पहिल्या भेटीतच ठरवून घ्या. विसरणं, पुढे ढकलणं ही लक्षणंच असल्यामुळे पुष्कळ मुली दुसऱ्यांदा येतच नाहीत. तारीख कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि ती आठवण करून देण्याचं काम सोबत आलेल्या माणसावर सोपवा.